भाड्याचे घर: पुण्याचा सल्ला वडोदऱ्यात किती चालतो?

घर भाड्याने द्यायचे झाले की आपल्यापैकी बरेच जण आधी पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन लावतात. ते सांगतात ते त्यांच्याकडे खरे असते. इथला कायदा वेगळा आहे, आणि ऐकीव माहितीवर सही करून पस्तावलेली कुटुंबे आम्ही मंडळात पाहिली आहेत.

मूळ मात्र एकच. बडोदा संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्या राज्याचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा 1960 नंतरही दोन्ही राज्यांत चालू राहिला. महाराष्ट्राने 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू केला. गुजरातने जुन्याचीच मुदत वेळोवेळी वाढवली.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार 11 महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. आपल्याकडच्या जुन्या कायद्यात ही अट नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून सगळे 11 महिने लिहितात. पण 11 महिने संपले की घर आपोआप रिकामे होते, हा भ्रम आहे. भाडेकरू निघाला नाही तर न्यायालयातच जावे लागते. कुलूप बदलणे, पाणी किंवा वीज तोडणे हे घरमालकाच्याच अंगलट येते. शिवाय वर 'लायसन्स' लिहिले म्हणून करार लायसन्स ठरत नाही. प्रत्यक्ष ताबा कोणाचा आणि दोघांचा हेतू काय, हे न्यायालय पाहते.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहणाऱ्यांनी पावतीचा आग्रह धरावा. प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे जुन्या कायद्याने घरमालकावर बंधनकारक आहे. 'ओळखीचे आहेत, पावती कशी मागायची?' हा संकोच पुढे फार महाग पडतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आम्ही एवढेच म्हणू की भाडे खात्यातच जमा करा. सहा महिने किंवा जास्त भाडे थकले आणि लेखी मागणीनंतर महिनाभरात भरले नाही, तर घर जाण्याची पाळी येऊ शकते. नोटीस आली की ती कपाटात ठेवू नये. आपल्या जागेला कोणता कायदा लागतो, ते वकिलाकडून आधी पाहून घ्यावे. जुना वाडा आणि मांजलपुरातला नवा फ्लॅट यांना एकच उत्तर नसते.

दिवाणी दाव्याचे समन्स मिळाले तर लेखी उत्तराला 30 दिवस असतात. न्यायालय कारण पाहून 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. वडोदऱ्यात भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात, तेव्हा समन्सवर न्यायालयाचे नाव नीट वाचावे.

भाडेकरू ठेवताना त्याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याबाबत पोलीस आयुक्त जाहीरनामे काढतात. अर्जाची पोच करारासोबत जपून ठेवा.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत साहाय्य मिळते. एकट्या राहणाऱ्या आपल्या काकू-मावश्यांपर्यंत हे अजून पोचलेले दिसत नाही.