सुपीकतेचें देणें

रासायनिक खतांच्या जन्माची कथा नेहमीं विजयकथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेहि. जॉन बेनेट लॉझ या इंग्रज जमीनदारानें १८४२ सालीं हाडें व फॉस्फेटयुक्त खनिजें यांवर गंधकाम्लाची क्रिया करून सुपरफॉस्फेट बनविण्याचें पेटंट घेतलें. लवकरच लंडनजवळ डेप्टफर्ड येथें त्याचा कारखाना उभा राहिला, आणि दमलेल्या जमिनींस नवें बळ आलें. परंतु जमेच्या प्रत्येक रकमेसमोर खर्चाचीहि एक बाजू असते. ती वाचल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

पहिला उपद्रव धुराचा. फॉस्फेटच्या खनिजांत फ्लोरिन असतें. आम्ल पडतांच त्याचे तीक्ष्ण वायु बाहेर पडतात. इंग्लंडांत १८६३ सालीं झालेला अल्कली कायदा सोडा-कारखान्यांपुरता होता. खतांचे कारखाने सरकारी निरीक्षकांच्या देखरेखीखालीं आले ते १८८१ सालच्या कायद्यानें. म्हणजे लॉझच्या पेटंटानंतर ३९ वर्षांनीं!

दुसरा उपद्रव रसायनाच्या प्रगतींतूनच निघाला. सुपरफॉस्फेट करतांना तयार होणारें जिप्सम पूर्वीं खतांत मिसळूनच शेतावर जाई. पुढें अधिक कसदार खतांची मागणी वाढली, तेव्हां आधीं फॉस्फोरिक आम्ल काढून घेऊन जिप्सम गाळून टाकण्याची रीत रूढ झाली. एक टन आम्लामागें सुमारें ५ टन जिप्सम उरतें. त्यांत कांहीं आम्ल व मूळ खनिजांतील रेडियमहि राहतें. खत हलकें झालें, वाहतूक स्वस्त झाली. पण जो भार पूर्वीं शेतोशेतीं विखुरला जाई, तो कारखान्याच्या दारींच डोंगर होऊन बसला.

या डोंगरांचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत जावें. तेथील पोल्क परगण्यांत १९५० नंतर फ्लोरिनच्या धुरानें संत्र्यांच्या बागा करपल्या व गुरें लंगडीं झालीं. तेव्हां कारखाने आपले वायु पाण्यानें धुऊं लागले. हवा निवळली खरी, परंतु विष पाण्यांत उतरलें, आणि तें पाणी जिप्समच्या ढिगांवरील तळ्यांत सांठूं लागलें. १९९७ सालीं मलबेरी येथील असा एक बांध फुटला. सुमारें ५ कोटि गॅलन आम्लयुक्त पाणी अलाफिया नदींत गेलें आणि दहा लाखांहून अधिक मासे मेले.

कायदा स्वस्थ बसला होता असें नाहीं; पण तो एका वेळीं एकच बाजू पाही. रेडियमच्या भीतीनें १९८९ सालीं हें जिप्सम ढिगांतच ठेवावें, इतरत्र वापरूं नये, असा नियम झाला. १९९२ सालीं त्यांत थोडी सवलत मिळाली. मात्र मधल्या १९९१ सालीं हींच टाकाऊ द्रव्यें घातक कचऱ्याच्या कठोर नियमांतून वगळण्यांत आलीं. वापरण्यास धोक्याचीं, पण घातक म्हणण्याइतकीं नव्हेत, असा हा दुहेरी निवाडा!

त्याचें फळ पायनी पॉइंट येथें दिसलें. मलबेरीच्याच मालक कंपनीचा हाहि कारखाना होता. २००१ सालीं तिनें दिवाळें काढलें आणि ढीग राज्य सरकारच्या गळ्यांत पडले. २०२१ सालीं तेथील तळें गळूं लागलें. शेकडों घरें रिकामीं करावीं लागलीं, आणि बांध वांचविण्यासाठीं सुमारें २१.५ कोटि गॅलन पाणी टॅम्पाच्या आखातांत सोडण्यांत आलें. पिकें पोसावयाचीं द्रव्यें समुद्रांतील शेवाळ पोसूं लागलीं.

हें सारें दूरचें म्हणून आम्हीं कानाडोळा करूं नये. ओडिशांत पारादीप येथेंहि असे ढीग उभे आहेत. आमच्याकडे कांहीं जिप्सम सिमेंटासाठीं व क्षारयुक्त जमिनी सुधारण्यासाठीं खपतें, ही समाधानाची गोष्ट आहे; परंतु उरलेल्याची राखण कोणीं, किती वर्षें व कोणाच्या पैशानें करावी, हा प्रश्न राहतोच. अमेरिकेनें २०१५ सालीं एका मोठ्या कंपनीकडून या कामासाठीं सुमारें ६३ कोटि डॉलर विश्वस्त निधींत ठेवून घेतले. पेटंटापासून या शहाणपणापर्यंत १७३ वर्षें गेलीं. खताचें पोतें विकलें जातें त्याच दिवशीं ढिगाच्या राखणीची रक्कम बाजूस पडली पाहिजे. कारण मालक निघून जातो, ढीग मात्र जागचा हलत नाहीं.