मातीच्या ओलाव्याची मोजणी

दुष्काळ आला हें शेतकऱ्यास सर्वांच्या आधीं कळतें आणि सरकारदरबारीं बहुधा सर्वांच्या नंतर. हें अंतर कमी करण्याचा प्रयत्न सुमारें दीडशें वर्षें चालला आहे.

१८७६ ते १८७८ या काळांत दक्षिणेंत भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें. त्याचा अहवाल १८८० सालीं निघाला व १८८३ सालीं दुष्काळ-संहितेचा मसुदा तयार झाला. महाराष्ट्रांत आणेवारीची पद्धत रूढ झाली. नाणें दशमान झाल्यावर तीच पैसेवारी म्हणून ओळखली जाऊं लागली. चांगल्या पिकाच्या मानानें आलेलें पीक पन्नास पैशांहून कमी, तर टंचाई. परंतु हा अंतिम आकडा हंगाम सरल्यावरच हातीं येतो. पर्जन्यमापकहि पाऊस किती पडला एवढेंच सांगतो. काळ्या जमिनींत तो किती मुरला व मुरमाड जमिनींतून किती निघून गेला, हें सांगत नाहीं. पीक तर मुळांशीं असलेल्या ओलाव्यावर जगतें.

प्रत्येक भूभागांतून सूक्ष्मतरंग बाहेर पडत असतात. ओली माती ते कमी सोडते, कोरडी अधिक. सुमारें २१ सेंटिमीटर लांबीचे तरंग ढगांतून व विरळ पिकांतून आरपार येतात. १९७३ सालीं स्कायलॅब या अवकाशस्थानकावरून त्यांचें मापन झालें. पुढें २ नोव्हेंबर २००९ रोजीं युरोपचा ‘स्मॉस’ व ३१ जानेवारी २०१५ रोजीं अमेरिकेचा ‘स्मॅप’ हे उपग्रह याच कामासाठीं सोडण्यांत आले. ‘स्मॅप’चें रडार त्याच वर्षीं जुलैंत बंद पडलें, तरंग टिपणारें दुसरें उपकरण मात्र काम करीत राहिलें.

या साधनांस मर्यादा आहेत. त्यांना वरचा सुमारें पांच सेंटिमीटरांचा थरच दिसतो. खोलवरच्या ओलाव्याचा अंदाज गणितानें बांधावा लागतो. शिवाय त्यांचा एकेक ठिपका सुमारें चाळीस किलोमीटर रुंदीचा असतो. एका गांवीं पाऊस पडावा व शेजारचें गांव कोरडें राहावें, हा फरक त्यांत हरवून जातो. तथापि दोनतीन दिवसांआड मिळणारें माप मागील वर्षांच्या सरासरीशीं ताडून पाहिलें, तर पीक सुकून जाण्यापूर्वींच सूचना मिळूं शकते. भारत सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ-नियमावलींतहि जमिनीच्या ओलाव्यास स्थान मिळालें.

माप लवकर मिळालें म्हणजे मदत लवकर मिळते असें मात्र नव्हे. सूचना येतांच चारा, पाणी व काम यांची तजवीज झाली, तरच हें आकाशांतील माप शेतकऱ्याच्या उपयोगीं पडेल.