पायली, शेर आणि वाटी
धान्य, पीठ व द्रव पदार्थ आकारमानाने मोजण्याची मापे. मराठी मुलखातील रूढ कोष्टकात 2 चिपटी म्हणजे 1 मापटे, 2 मापटी म्हणजे 1 शेर आणि 4 शेरांची 1 पायली. मात्र शेर गावोगावी लहानमोठा असे. शिवाय माप शिगोशीग भरायचे की सपाट, हा वाद ठरलेला. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली, तरी छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या खेड्यांत पायली बोलण्यातून गेलेली नाही. बेकिंगमध्ये मोठा चमचा 15, लहान 5 आणि कप सुमारे 240 मिलिलिटरचा धरतात. कपभर साखर सुमारे 200 ग्रॅम भरते, मैदा जेमतेम 120 ते 125. घरच्या वाटीला प्रमाण नाही. ती एकदा पाणी भरून मोजावी.