सोलापूरच्या शशिकलाबाई

जुन्या हिंदी सिनेमात शशिकला दिसली की आपण बायका बोटं मोडायचो, "आली बघा काडी लावायला!" त्या शशिकलाबाई आपल्या सोलापूरच्या. जन्म ४ ऑगस्ट १९३२, माहेरचं आडनाव जवळकर.

लहानपणी त्या आपल्याच जिल्ह्यातल्या गावांमध्ये स्टेजवर नाचल्या, गायल्या. पुढे वडिलांचा धंदा बुडाला आणि घर मुंबईला गेलं. घराला हातभार म्हणून ही पोर स्टुडिओंचे उंबरे झिजवू लागली. नूरजहाँबाईंच्या नजरेत ती भरली आणि १९४५च्या 'झीनत'मधल्या कव्वालीत तिला जागा मिळाली. वय जेमतेम बारा-तेरा.

नायिकेची मोठी कामं फारशी मिळाली नाहीत. मग मिळेल त्या भूमिकेत त्यांनी जीव ओतला. 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) यांतल्या खलभूमिकांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. 'अनुपमा'त (१९६६) मात्र त्याच बाई खळखळून हसणारी मैत्रीण झाल्या. २००४च्या 'मुझसे शादी करोगी'तही त्या दिसल्या.

मधल्या काळात त्यांनी मदर तेरेसांच्या संस्थेत आजाऱ्यांची सेवा केली. २००७ साली पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजी, ८८व्या वर्षी, मुंबईत त्या गेल्या.

आपण शिव्या दिल्या त्या भूमिकेला. बाई तर लहानपणापासून कष्टाचं खाणारी होती. गावातही एखादीवर 'खाष्ट' म्हणून शिक्का बसतो. पुढच्या गटाच्या बैठकीत तिला शेजारी बसवू या, तिचं ऐकू या.