मठारलेल्या टाकीची कुळकथा

तांबं तापलं की लाल होतं. आता ते मऊ झालं, हे कारागिराला नुसत्या डोळ्यांनी कळतं. ॲल्युमिनियम असा इशारा देत नाही. ६६० अंश सेल्सियसला ते वितळतं आणि तोवर दिवसाउजेडी त्याचा रंग पालटलेला दिसतच नाही. पांढराशुभ्र दिसणारा पत्रा बघता बघता ढासळतो आणि त्याला भोक पडतं. म्हणून घरच्या घरी मोटरसायकलची टाकी घडवणारा माणूस पत्र्यावर आधी साबणाची वडी घासतो. ज्योत फिरवताना साबण तपकिरी होऊन काळा पडला, की पत्रा पुरेसा तापला. दुसरी रीत काजळीची. ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीनं पत्रा काळा करायचा, मग ज्योत स्वच्छ करून ती काजळी उडून जाईपर्यंत तापवायचा.

या खुणा ॲल्युमिनियमपुरत्या. पुढचं सगळं काम तांबटाचं आहे, आणि टाकीचं कूळ शोधायचं तर त्याच्याच दारात जावं लागतं.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासूनची. हंडे, घागरी, पाणी तापवायचे बंब तिथं घडले. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो, आणखी ठोकला तर चिरतो. मग त्याला पुन्हा भट्टी दाखवायची, मऊ करायचा, पुन्हा ठोकायचा. आकार पुरा झाला की शेवटी मठारकाम. भांडं लोखंडी खुंट्यावर धरून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं, एका ठोक्याला दुसरा लागून येईल अशा ओळी मारत जायचं. त्या ठशांची चमक लोकांना आवडते, आणि ती नक्षी आहे असं बहुतेकांना वाटतं. पण तापवून मऊ झालेलं भांडं मठारण्यानं पुन्हा कडक होतं, रोजच्या आदळआपटीला टिकतं. शोभा त्यातूनच येते. विलायतेतले मोटारींची बॉडी घडवणारे कारागीर पत्र्याचा शेवटचा हात असाच फिरवत आले आहेत.

ॲल्युमिनियम या घराण्यात फार उशिरा आलं. १८५५च्या पॅरिस प्रदर्शनात ते दुर्मीळ धातू म्हणून मांडलं होतं. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांच्या नकळत, विजेच्या साहाय्यानं ते वेगळं करण्याची एकच पद्धत शोधली आणि भाव कोसळला. आपल्याकडे त्याला हात मिळाले ते मद्रासेत. तिथल्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ साली ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली, आणि ती घडवायला बसवले धातूची भांडी ठोकणारे देशी कारागीरच. मला ही घटना फार मोलाची वाटते. नवा धातू देशात आला तेव्हा त्यासाठी नवी विद्या आणावी लागली नाही, ती इथल्या मनगटांत होती. पुढे कारखान्यांत प्रेस बसले, घरोघर जर्मलची पातेली पोचली आणि हातोडी मागं पडली.

युरोपात मात्र शर्यतीच्या मोटरसायकलींनी तिला पुन्हा काम दिलं. ॲल्युमिनियमची घनता दर घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, पोलादाची ७.८५. पत्रा जाड घेतला तरी वजन बरंच वाचतं. १९५४च्या सुमारास जर्मनीच्या एनएसयू कंपनीच्या गाड्या हातानं ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या कवचात धावत होत्या. पुढचं चाक झाकणारी असली कवचं आडव्या वाऱ्यात गाडीला हेलकावे देतात, म्हणून १९५७च्या हंगामानंतर त्यांच्यावर बंदी आली. त्याच दशकात, १९५५ साली, मद्रासेत बुलेट मोटरसायकलची जुळणी सुरू झाली. तिची टाकी पोलादी.

पोलादाचंच बोलायचं तर जालना हे पोलादाचं गाव. ‘सोन्याचा पाळणा’ म्हणून नावाजलेलं हे शहर १ मे १९८१ रोजी जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि आज इथल्या भट्ट्या भंगार वितळवून बांधकामाच्या सळया काढतात. वितळवण्याचं आणि लाटण्याचं ज्ञान मुबलक, पत्र्याला गोलाई देण्याचं डेंटरकडे. चेपलेलं बॉनेट, ट्रॅक्टरचं मडगार्ड आतून डोली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, टेकवून वर आणणारा डेंटर हा तांबटाचा जवळचा भाऊबंद. अंगणात टाकी करायची असेल तर पहिले धडे त्याच्याकडे घ्यावेत. सामान फार लागत नाही. बाभळीच्या ओंडक्यात कोरलेला वाटीसारखा खळगा, वाळू भरलेली जाड कापडाची पिशवी, लाकडी मोगरी, आणि दीड ते दोन मिलिमीटरचा मऊ पत्रा. मऊच हवा. कडक जातीचा पत्रा दोन ठोक्यांत तडकतो.

आधी तारेचा सांगाडा करून गाडीवर बसवून बघायचा, त्यावर पुठ्ठ्याचे साचे कापायचे. टाकी एका पत्र्यात होत नाही. दोन बाजू, माथा आणि चासिसच्या नळीवर बसणारा तळाचा पन्हाळा असे तुकडे वेगळे घडतात. खळग्यात ठोकताना मध्य ताणला जातो आणि काठाला चुण्या पडतात. खरं कसब या चुण्यांत आहे. त्या दुमडू न देता हळूहळू आत जिरवायच्या, म्हणजे काठाचा पत्रा आखडतो आणि गोलाई येते. घाईनं चुणी दुमडली तर तिथं पुढे चीर ठरलेली.

गाडीचं रूप बदलताना मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आधी वाचावं. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि जालन्याच्या एमएच-२१ परिवहन कार्यालयात शंका विचारून घेणं केव्हाही बरं. एकदा पेट्रोल भरून वापरलेल्या जुन्या टाकीला तर ज्योत लावूच नये. रिकामी दिसली तरी आतली वाफ पेटते.

शेवटी तुकडे आर्गन वेल्डिंगनं जोडायचे, हलकी हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा दिसेल तिथं पुन्हा वेल्डिंग. बरेच जण इथं थांबतात आणि पॉलिशला लागतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्यालगतचा पत्रा मऊ पडलेला असतो, आणि इंजिनाची थरथर नेमकी तिथं चीर पाडते. म्हणून तुकडे जोडताना, माथा बंद होण्याआधी, आत डोली जाते तोवर प्रत्येक सांधा तांबटासारखा ओळीनं मठारून घ्यायचा. टाकी मिटली की मग तिथं आतून आधार देता येत नाही.