चरबी अडवणाऱ्या वनस्पती: दावा किती खरा?

ग्रीन टी, द्राक्षाच्या बिया आणि कोकमाच्या जातीतल्या फळांचा अर्क भरलेल्या कॅप्सूल ‘खाल्लेली चरबी अंगाला लागत नाही’ असं सांगून विकल्या जातात. या दाव्यामागे काय आहे?

लायपेजचं काम
तेल-तुपातली चरबी जशीच्या तशी शोषली जात नाही. स्वादुपिंडातून लहान आतड्यात येणारं लायपेज हे एन्झाइम आधी तिचे तुकडे करतं. लायपेज रोखलं, की न पचलेली चरबी शौचावाटे बाहेर पडते.

सिद्ध झालेलं औषध
ऑर्लिस्टॅट याच तत्त्वावर चालतं. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेल्या लिपस्टॅटिनवरून ते तयार झालं. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १२० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा जेवणासोबत घेतल्यास आहारातली सुमारे ३० टक्के चरबी शोषली जात नाही. मात्र तेलकट जुलाब होतात आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही कमी शोषली जातात.

वनस्पतींचं काय?
चहातले कॅटेचिन, द्राक्षबियांतले पॉलिफिनॉल आणि अनेक वनस्पतींतले सॅपोनिन प्रयोगशाळेत लायपेज मंदावतात. पण परीक्षानळी वेगळी आणि पोट वेगळं. टॅनिनसारखे घटक समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात. जेवणात ती भरपूर असतात, त्यामुळे लायपेजपर्यंत पोहोचणारा अंश कमी होतो.

कोकमाबद्दलचा गोंधळ
कोकम आणि उत्तर कन्नडमधलं उप्पागे, म्हणजेच गार्सिनिया कॅम्बोजिया, यांत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. प्रयोगशाळेत ते लायपेज नव्हे, तर शरीरात नवी चरबी बनवायला मदत करणारं एटीपी सायट्रेट लायेज हे एन्झाइम रोखतं. नावं जवळची, कामं निराळी. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जादा वजनाच्या १३५ जणांना १२ आठवडे गार्सिनियाचा अर्क किंवा नकली गोळी दिली गेली. वजन घटण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

काळजी कुठे घ्यावी?
गार्सिनिया आणि ग्रीन टीच्या तीव्र अर्कांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर कॅप्सूल लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावं. ऑर्लिस्टॅटही सल्ल्याशिवाय घेऊ नये. रक्त पातळ करणारी किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर मुळीच नको.

जेवणातली सोलकढी आणि कपातला चहा ही वेगळी गोष्ट. ती चवीसाठी खुशाल घ्यावीत, वजन उतरवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नये.