नाव आपल्याही नद्यांवर होती

सुट्टी लागली की अलीकडे आपल्याकडेही केरळच्या हाऊसबोटीचे बेत होतात. अलप्पुळ्याला दोन दिवस संथ पाण्यावर राहून आलेली मंडळी मग हमखास विचारतात, 'आपल्या चिकोडी-निपाणी भागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा अशा तीन नद्या आहेत. मग आपल्याकडे असे काही का झाले नाही?'

याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. कुट्टनाडचे पाणी जवळजवळ स्थिर असते. तिथली बरीच शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे रस्त्याचे काम पिढ्यान् पिढ्या कालव्यांनीच केले. हाऊसबोट म्हणजे मूळची 'केट्टुवल्लम', बांधलेली नाव. लाकडी फळ्या खिळा न मारता काथ्याने बांधायच्या आणि तांदूळ भरून कोचीला न्यायचा. ट्रक आले तशी ती निकामी होऊ लागली. पुढे 1990 च्या दशकात तिच्यावर खोल्या उभ्या राहिल्या आणि तिला नवे काम मिळाले.

आपली कृष्णा वेगळी. सह्याद्रीत पाऊस लागला की ती काठ सोडते आणि उन्हाळ्यात पात्रात वाळू उघडी पडते. म्हणून आपल्या पूर्वजांनी नदीतून लांबचा प्रवास फारसा केला नाही. त्यांनी नदी ओलांडली. उन्हाळ्यात पायउतार आणि पावसाळ्यात नाव, असा तो रिवाज. लाकडी नावेखेरीज वेळूच्या गोल टोपलीला कातडे मढवलेला हरिगोलही होता. 1803 मध्ये पुण्याकडे निघालेल्या आर्थर वेलस्लीने नद्या ओलांडण्यासाठी अशाच टोपलीनावा तयार ठेवण्याच्या सूचना दिल्या होत्या. अडीअडचणीला गुऱ्हाळातली काहीलसुद्धा पाण्यात उतरे. नाव चालवणाऱ्यांची 'अंबी' आणि 'कोळी' ही आडनावे आजही नदीकाठी गावोगावी आहेत. बसवेश्वरांचे समकालीन वचनकार अंबिगर चौडय्या हेही व्यवसायाने नावाडीच.

नावेने दोन काठ एक ठेवले. नरसोबाच्या वाडीचे दर्शन, यडूरच्या वीरभद्राची यात्रा, बाजार, सोयरीक, सारे तिच्यावरच अवलंबून. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आपला भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसापासून खिद्रापूर मुंबई राज्यात आणि समोरच्या काठावरचे जुगूळ दुसऱ्या राज्यात राहिले. पण मधली नाव थांबली नाही. अलीकडे मराठी, पलीकडे कानडी असा हिशेब नावाड्याने कधी ठेवला नाही. दोन्ही भाषा त्याच्या तोंडात होत्या. सीमेचा प्रश्न आपण सभांतून मांडत आलो. सीमेवरचा रोजचा शेजार मात्र नावेने सांभाळला.

कुडचीचा रेल्वे पूल झाला, मग रस्त्यांचे पूल आणि बंधारे झाले. नावा एकेक करून काठाला लागल्या. त्यांच्यासाठी कोणी दुसरे काम शोधले नाही. आज 'बॅकवॉटर'ला आपल्याकडे 'फुगवटा' हा शब्द आहे, पण तो ऐकून सहल आठवत नाही. आठवतो तो आलमट्टीचा वाद आणि 2005, 2019 व 2021 चे महापूर. त्या दिवसांत बाहेरून आलेल्या बोटींची वाट पाहताना, गावचे पाणी ओळखणारा नावाडी किती मोलाचा होता हे अनेकांना कळले.

हाऊसबोट आपल्याकडे यावी असा आमचा आग्रह नाही. केरळाने नाव आणि ती बांधणारे हात दोन्ही टिकवले, हे मात्र घेण्यासारखे आहे. आपल्याकडे निदान आठवणी तरी टिकाव्यात. या गणेशोत्सवात घरोघरी आरतीला जमाल, तेव्हा आजी-आजोबांना विचारा: आपल्या गावचा पायउतार कुठे होता? नाव कोणाच्या घरची होती? उतराई पैशांत द्यायची की सुगीला धान्यात? वऱ्हाड कोणत्या घाटावर उतरले? सांगतील ते लिहून मंडळाकडे द्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत आपल्या नद्यांवरच्या जुन्या घाटांची गाववार यादी छापण्याचा आमचा विचार आहे. सांगणारी पिढी अजून आपल्यात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.